चाफ्याचा जामीन

काकासाहेब: बाजूला हो, भागू. उगारलेल्या कुऱ्हाडीपुढं असं उभं राहत नाहीत.

भागूबाई: मी नाय हलत. अगोदर चहा घ्या, मंग बघू.

काकासाहेब: चहा दोनदा झाला. दोन्ही वेळा तूच दिलास. तिसरा घेतला तर मला पित्त होईल आणि झाड तसंच उभं राहील. तेच हवंय ना तुला?

भागूबाई: आज आइतवार हाय. आइतवारी झाडाला लोखंड लावू नये.

काकासाहेब: हे कुणी सांगितलं?

भागूबाई: मीच सांगून ऱ्हायले ना.

काकासाहेब: अगं, उद्या सकाळी कारभारी गवंडी येतोय. लग्नसराईत गवंडी एकदा हातचा गेला की पुन्हा तोंड दाखवत नाही. वैशाखात बद्रीनाथचं लग्न, सून यायची घरात. आपल्या दोन खोल्या, त्यातली एक स्वयंपाकाची. त्या दोघांना काय तुळशीपाशी झोपवायचं?

भागूबाई: खोली बांधू नका असं म्या कवा म्हनले? बांधा की. झाड सोडून बांधा.

काकासाहेब: झाड सोडून जागा एकच राहते, फाटकाकडची. तुझा मोगरा, शेवंती, अबोली, गुलबक्षी, सगळी बाग तिथं आहे. तिथं चर खणू?

भागूबाई: नको! मोगऱ्याला हात लावायचा नाय. देवाला फुलं कुठून आणू मी?

काकासाहेब: मग झालं तर. एकीकडं रोज परडीभर फुलं देणारा मोगरा आणि दुसरीकडं हा खांब. बद्री पाटी-दप्तर घेऊन शाळेत जात होता तेव्हा तुझ्या भावानं हा चाफा म्हणून आणून दिला. आता बद्री नवरदेव झाला. एक फूल दाखव मला. पाकळी दाखव.

भागूबाई: माझ्या फकिरानं कन्नडहून एस.टी.त मांडीवर घेऊन आणलं होतं रोप. उभ्या गर्दीत. त्याला नावं ठेवू नका.

काकासाहेब: त्याला नाही ठेवत. पण सोनचाफा म्हणाला होता तो. माझ्या मते सरपण आहे हे.

भागूबाई: सरपन म्हना नायतर काय बी म्हना. ह्याच्याखाली तुमची बाज पडती उन्हाळाभर. बद्रीनं मॅट्रिकचा अभ्यास ह्याच्या सावलीत केला. औंदा बुलबुलानं घरटं घातलं व्हतं, ते तुमीच बोट करून मला दावलं. अन् ते दुस्काळाचं वरीस इसरले का? बहात्तरचं? समदी बाग वाळली व्हती माझी. मोगऱ्याची काडी झाली, पारिजातक गेला तो गेलाच. ह्याला घागरभर पानी म्या घातलं नाय. कुठलं घालनार, प्यायलाच नव्हतं. तरी ह्यानं पान टाकलं नाय. रोज सकाळी दार उघडून बघायचे, हिरवंगार. मी हात जोडायचे ह्याला. आजबी अंगावर काटा येतो बघा.

काकासाहेब: आणि खडकेश्वराला जाऊन नारळ फोडलास.

भागूबाई: फोडला. दोनदा फोडला. देवानंच जगवलं ह्याला.

काकासाहेब: देवानं जगवलं तर देवानं फुलवलंही असतं. हो बाजूला. आधी हे मूळ तोडतो. कालच्या गड्याची कुदळ याच्यावर आपटून वाकली. बघ तरी, चरातून आडवं गेलंय, माझ्या मांडीएवढं जाड.

भागूबाई: थांबा, थांबा. आइका माझं. येवढं एक करा, मंग मी काय बोलनार नाय. धमकी द्या ह्याला.

काकासाहेब: कुणाला?

भागूबाई: झाडाला. आमच्या गावाकडं देतेत. जे झाड फुलत-फळत नाय, त्याच्यापुढं कुऱ्हाड घेऊन उभं ऱ्हायाचं. एकानं म्हनायचं, आज ह्याला तोडतो. दुसऱ्यानं म्हनायचं, का बरं तोडता? पहिल्यानं म्हनायचं, फुलत नाय म्हनून. मंग दुसऱ्यानं म्हनायचं, औंदा सोडा, पुढच्या साली फुलंल, मी जामीन ऱ्हातो. मंग कुऱ्हाड उलटी करायची अन् तिची पाठ बुंध्याला टेकवून झाडाला सोडून द्यायचं. झाड भेतं. माझ्या बापाची चिंच अशीच धरली.

काकासाहेब: म्हणजे झाड ऐकतं?

भागूबाई: ऐकतं म्हंजी? तुमच्यापरीस बरं ऐकतं.

काकासाहेब: सारा जन्म कोर्टात पेशकारी केली, पण असा मुकदमा नाही पाहिला. बरं, जामीन कोण? तू?

भागूबाई: घरच्या मानसाचा जामीन चालत नाय. झाडाला कळतं ना, हे आपसातलं हाय.

काकासाहेब: हे मात्र रास्त आहे. घरच्या जामिनाकडं आमचे मुन्सफसाहेबही तिरकेच बघायचे. पण आधीच सांगतो, नाटक करीन मी, आणि नाटक संपलं की कुऱ्हाड सुलटी करीन. कबूल?

भागूबाई: अगोदर करा तर. अमिना! ए अमिना! भिंतीपाशी ये गं जरा!

अमिना: आले भाभी! हात आट्यात हाय, धुवून येते... बोला. अरे, भाईसाब, तुमच्या हातात कुऱ्हाड कायकू?

भागूबाई: ते सांगते मंग. तुला येवढंच म्हनायचंय. हे म्हनतील, झाड तोडतो. तू म्हनायचं, नका तोडू, मी जामीन ऱ्हाते.

अमिना: किसकी जामीन?

भागूबाई: चाफ्याची गं. पुढच्या साली फुलंल म्हनून.

काकासाहेब: चला, मुकदमा सुरू. हाजिर असलेल्या सगळ्यांनी ऐकावं. हे झाड मी आज तोडतो!

भागूबाई: म्हन ना गं. 'का तोडता?'

अमिना: भाभी, हा खड्डा खोलीचा हाय क्या? आमचे फारूख तर मला बोलले, पाण्याच्या टाकीचा हाय.

भागूबाई: खोलीचा हाय. बद्रीच्या लग्नाची.

अमिना: मग झाड सच में तोडायलेत?

काकासाहेब: तुझ्यापासून काय लपवायचं. हे नाटक तुझ्या भाभीच्या समाधानासाठी. झाड आज पडणार, उद्या गवंडी येणार.

अमिना: तर मी नाय बोलणार.

भागूबाई: अगं, दोन शब्द तर हायेत!

अमिना: दोन असू दे की एक. जमानत म्हणजे जबान, भाभी. तोडणारच हाय तर माझ्या तोंडून झूठी जमानत कायकू घेता? नक्को.

काकासाहेब: ऐकलंस? साक्षीदार फुटला.

अमिना: आणि भाईसाब, तुम्ही कोर्टातले. मला सांगा, एकाच्या वरती दोन दोन जामीन लागतात क्या? या झाडाला जामीन आधीपासून हाय.

काकासाहेब: कोण?

अमिना: अब्बा.

भागूबाई: करीमचाचा? काय बोलतीस? चाचा जाऊन वरीस झालं की.

अमिना: हौ. त्यांनी मना केलं होतं म्हणून मी आजतक बोलले नाय. पण आता बोलावंच लागंल. इकडून या तुम्ही दोघं. मी दाखवते. कुऱ्हाड तिथंच ठेवा.

काकासाहेब: कुऱ्हाड राहू दे माझ्या हातात. काय दाखवायचंय ते दाखव.

(गल्लीतून वळसा घालून दोघं अमिनाच्या अंगणात येतात. तिघं भिंतीच्या कोपऱ्यात उभी आहेत.)

अमिना: हा दगड बघा. नमाजच्या आधी हातपाय धुवायला अब्बा याच दगडावर बसायचे. पाचही वक्त.

भागूबाई: मला ठाऊक हाय की. पहाटे लोट्याचा आवाज यायचा. त्या आवाजानं मी उठायचे, घड्याळ नव्हतं आमच्याकडं.

काकासाहेब: दगड तिरका का झालाय?

अमिना: खालून उचललाय, भाईसाब. हात घालून बघा.

काकासाहेब: थांब, माती मोकळी करतो... अरे. अरे, हे मूळ आहे.

भागूबाई: कसलं मूळ?

काकासाहेब: बघ तू. भिंतीखालून आलंय. चरातलं ते मांडीएवढं मूळ, तेच हे. तिथून सरळ रेषेत निघालंय, ना डावीकडं ना उजवीकडं. आणि इथं येऊन... भागू, वाक, बघ खाली. इथं येऊन त्याला हजार फाटे फुटलेत. बारीक, केसासारखे. सगळा दगड धरून ठेवलाय यांनी.

भागूबाई: अगं बाई!

काकासाहेब: मला वाटायचं, झाड म्हणजे एका जागी उभी राहणारी वस्तू. हा तर चालत आलाय. अंधारातून, जमिनीखालून, डोळे नाहीत, पाय नाहीत. याला कुणी सांगितलं असेल की या कोपऱ्यात पाणी पडतं?

अमिना: अब्बासुद्धा हेच बोलले होते. पहिल्यांदा दगड हलला तेव्हा फारूख पहार घेऊन आले, बोलले, मूळ काटून टाकतो, अब्बा पडतील एखाद दिवशी. अब्बांनी पहार काढून घेतली हातातून. बोलले, ये मेहमान है. बुलाया नहीं था, खुद आया है. प्यासा आया है.

भागूबाई: अन् तिरक्या दगडावर बसत ऱ्हायले?

अमिना: बसत राहिले. एक पाय जमिनीवर टेकवून. मी बोलायचे, दगड त्या बाजूला सरकवते. तर बोलायचे, नक्को, पाणी इथंच पडू दे.

काकासाहेब: भिंतीखालून गेलं कसं पण? भिंत तर मी... हां.

भागूबाई: हां काय?

काकासाहेब: भिंत मीच घातली ना. पोलीस अॅक्शननंतर इथं बेगमपुऱ्यात आलो, तेव्हा मनात धाकधूक होती. म्हणून आल्या आल्या आधी भिंत. चाचांचे दोघं भाऊ तिकडं कराचीला निघून गेलेले, हे एकटे मागं राहिलेले. मी विटा रचत होतो आणि हे मला इकडून चहा देत होते. मला लाजही वाटत होती आणि भिंतही हवी होती. वर छातीइतकी घातली, पण पाया वीतभरही खोल घेतला नाही. कंटाळा केला.

भागूबाई: बरं झालं कंटाळा केला. जन्मात एक काम देवाला आवडंल असं केलं तुमी.

काकासाहेब: पण अमिना, एक कळत नाही. हातपाय धुतलेलं पाणी मुळाला मिळायचं, हे ठीक. दुष्काळात कुठलं पाणी? तेव्हा तर तुमच्या मशिदीतूनच सांगितलं होतं ना, पाणी वाचवा, तयम्मुम करा म्हणून?

भागूबाई: ते काय असतं?

काकासाहेब: पाण्याची तंगी असली की त्यांच्यात मुभा आहे. स्वच्छ मातीवर हात टेकवायचे आणि तोंडावरून, हातांवरून फिरवायचे. पाण्याशिवाय वजू, नमाजआधीचं धुणं.

अमिना: हौ. अब्बा तेच करायचे. बहात्तर, त्र्याहत्तर, दोन्ही उन्हाळे त्यांनी मातीनंच केलं.

काकासाहेब: मग इथं पाणी कुठून?

अमिना: तेच तर सांगते. टँकर यायचा तेव्हा अब्बा आपल्या वाट्याचं पाणी वेगळं ठेवायचे. नमाजचा वक्त झाला की लोटा भरून इथं यायचे. दगडावर बसायचे. आधी मातीवर हात टेकवून आपली पाकी करायचे, आणि मग लोटा सगळाच्या सगळा या मुळावर ओतायचे. हळूहळू, धार मोडू न देता.

भागूबाई: लोटा भरलेला असून?

अमिना: मी भांडले त्यांच्याशी, भाभी. मी बोलले, अब्बा, पानी है तो वजू करो, मिट्टी कायकू? तर बोलले, पानी मेरा नहीं है, बेटी, इस का है. मेरा काम मिट्टी से हो जाता है. इस का नहीं होता.

काकासाहेब: बस खाली, भागू. बस या पायरीवर.

भागूबाई: मी नारळ फोडला खडकेश्वराला. अवो, दोनदा फोडला. अन् मानूस भिंतीपलीकडं आपल्या तोंडचं पानी ओतत बसलेलं. येवढी वर्सं शेजारी, अन् मला पत्ता नाय. अमिना, मला एका शब्दानं सांगायचं व्हतंस गं!

अमिना: सांगणार होते. अब्बांनी कसम घातली. बोलले, भागूबाईला बोलू नक्को. ती बाई तशी हाय, तिला कळलं तर ती आपल्या पिण्यातलं पाणी ओतत बसंल. तिच्या घरात लेकरू हाय.

भागूबाई: ओतलंच असतं मी.

काकासाहेब: ओतलंच असतंस. ओळखलं होतं त्यांनी तुला. एवढा संसार करून मला नसतं सुचलं हे.

अमिना: शेवटी शेवटी अब्बांना दिसत नव्हतं. मला विचारायचे, फूल आया क्या? मी बोलायचे, नाय. तर बोलायचे, आएगा, मैं ज़ामिन हूँ. चंपाचं फूल आलं की सांगायची गरज नाय, मला वास येईल. शेवटच्या दिवशीसुद्धा खाट या बाजूच्या खिडकीपाशी घ्यायला लावली. म्हणून बोलले मी, जामीन आधीपासून हाय.

भागूबाई: एवढ्याशा लोट्यानं जगलं का हो हे? खरं सांगा तुमी. तुमी शिकलेले.

काकासाहेब: नाही सांगता येत. एवढं थोराड झाड, आणि रोजचे चार-पाच लोटे. हिशेबात बसत नाही. आणखी खालून कुठून ओल मिळाली असेल. नसेलही. तुझ्या देवानंही हातभार लावला असेल. मला एवढंच दिसतंय की हे मूळ इथवर आलंय आणि या दगडाला सोडत नाही. यापुढं माझी अक्कल चालत नाही.

अमिना: भाईसाब, मयत माणसाची जमानत कोर्टात चालते क्या?

काकासाहेब: का विचारतेस?

अमिना: तुम्ही बोलाल, जामीन मेला, मुकदमा खलास, चालवा कुऱ्हाड.

काकासाहेब: एरवी बोललोही असतो. पण जबाबदारी वारसाकडं जाते, अमिना. चाचांची वारस तू. आता विचारतो, आणि हे नाटक नाही. राहतेस जामीन?

अमिना: झाड राहणार असेल तर राहते. खुदा की कसम, राहते. फुललं तरी, नाय फुललं तरी.

काकासाहेब: नाही फुललं तर कसली जमानत?

अमिना: जगायची. अब्बांनी जगायचीच दिली होती. फूल आपण मागतो, ते त्याच्या मर्जीचं हाय.

भागूबाई: अवो.

काकासाहेब: बोल.

भागूबाई: फाटकाकडची जागा घ्या खोलीला.

काकासाहेब: मोगरा आहे तिथं.

भागूबाई: ठाऊक हाय मला काय हाय ते. मीच लावलाय ना? दुस्काळात काडी झाली व्हती त्याची, परत कलम आणून लावला, लेकरासारखा वाढवला. शेवंती हाय, अबोली हाय. समदं काढा. हा चर बुजवा अन् तिकडं खणा. सून आली की मी तिला सांगीन, बाई, तुझ्या खोलीखाली माझी बाग हाय, नीट नांद.

काकासाहेब: रडतेस कशाला मग?

भागूबाई: रडू नको तर काय करू? मोगऱ्यासाठी रडते, चाचासाठी रडते. कशासाठी रडते मला तरी कुठं कळतंय. चर बुजवायचा म्हना अगोदर.

काकासाहेब: बुजवतो. गवंड्याच्या शिव्या खातो आणि बुजवतो.

अमिना: भाभी, मोगरा फेकायचा नाय हं. इकडं द्या. या भिंतीच्या कडेनं मी लावते. शेवंतीसुद्धा. जागा हाय ना इथं.

भागूबाई: अन् देवाची फुलं?

अमिना: रोज सकाळी भिंतीवरून देते. परडी तुमची, फुलं तोडायची मी. चालतं ना तुमच्या देवाला?

भागूबाई: न चालायला काय झालं? ह्या भिंतीखालून काय काय चालत आलंय ते त्यानं बघितलंय की.

काकासाहेब: चला, मुकदमा निकालात निघाला.

भागूबाई: निघाला कुठं? धमकी ऱ्हायली. कुऱ्हाड उलटी करून टेकवा मुळाला, अन् म्हना, जा, सोडला तुला.

काकासाहेब: नाही टेकवत.

भागूबाई: अवो, रीत हाय.

काकासाहेब: असू दे रीत. याला कुऱ्हाड दाखवायची माझी हिंमत नाही आता. उलटी नाही आणि सुलटीही नाही. ही घे, घरात नेऊन ठेव. अमिना, चाचांचा तो लोटा आहे का अजून?

अमिना: हाय ना. आत कोनाड्यात. कोणी वापरत नाय, मी फक्त घासून ठेवते.

काकासाहेब: भरून आण. काठोकाठ.

अमिना: आणते... हा घ्या. पकडा नीट, बुडाला चेपलाय जरा.

काकासाहेब: इथंच बसायचे ना ते? या दगडावर?

अमिना: तिथंच. डावा पाय खाली टेकवायचा, नायतर तोल जातो.

काकासाहेब: असा?

भागूबाई: अवो, थांबा. चपला काढा आधी.